कंट्रोलमधली पोरं

निकालाचा कागद सरांच्या हाती देताना बाईंची मान नेहमीपेक्षा दोन बोटं वरच होती. कडवट पाल्याचा अर्क पाजून चरबी खाणाऱ्या उंदरांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवायचं, हा त्यांचा प्रयोग. आज सरांनी मान डोलावली की प्रबंध पुरा. आईने तर "आमची लेक हृदयावर औषध काढतेय" असं अख्ख्या इमारतीला सांगूनही टाकलं होतं.

"अर्कवाल्यांचं पहिल्यापेक्षा उतरलंय," सर म्हणाले. बाई फुलल्या. "पण अर्काशिवाय नुसती चरबी खाल्लेल्यांचं त्याहून खाली! म्हणजे तुमच्या पाल्यापेक्षा चरबीच गुणकारी म्हणायची?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या तशाच प्राणिघराकडे धावल्या, मागून सर. उंदरांना सांभाळणारे काका पिंजरे पुसत होते. ‘कंट्रोल’ अशी चिठ्ठी लावलेल्या पिंजऱ्यात सडपातळ उंदीर टणाटण उड्या मारत होते.

"काका, यांना रोज चरबीचं खाद्य घालत होतात ना?"

"नाव काढू नका!" काकांनी छाती पुढे काढली. "तुम्हीच चिठ्ठी लावलीत ना, कंट्रोल? मलाही डॉक्टर तेच सांगतात, खाण्यावर कंट्रोल ठेवा. मला काही जमत नाही, पण या पोरांकडून करून घेतलं. साधं खाद्य, तेही बेताचं."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, कंट्रोल म्हणजे ज्यांना औषध द्यायचं नाही ते! तुलनेसाठी!"

"मग तसं लिहायचं ना, बाई."

"आणि यांच्या वाट्याची चरबी?" सर गरजले.

काका जरा चाचरले. "वाया कशी घालवायची? शेजारच्या पिंजऱ्यात वाढली. ती पोरं भलती खादाड."

शेजारचा पिंजरा अर्कवाल्यांचा होता. सरांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"म्हणजे दुप्पट चरबी हाणूनही यांचं उतरलं? अहो, प्रयोग साफ बिघडलाय, पहिल्यापासून करावा लागणार. पण पाला जबरदस्त आहे! करा, मी आहे पाठीशी."

बाईंना आपल्या पाल्याचा इतका अभिमान वाटला की डोळेच भरून आले. नव्या उंदरांसाठी त्यांनी तिथल्या तिथे नवी चिठ्ठी लिहिली: ‘औषध नाही. चरबी भरपूर.’

काकांनी ती वाचली आणि परत त्यांच्या हातात ठेवली.

"यांना दुसरं कोणीतरी वाढू दे, बाई. माझ्या हाताखाली आजवर एक पोर बिघडलेलं नाही."