मामंजींचा ढेकर

सिल्व्हियाच्या पोटात शनिवारपासून कळ होती. बरगड्यांखाली उठायची आणि थेट पाठीत घुसायची. चारदा उलटी झाली. सासूबाईंनी, लिडियाबाईंनी, निदान करून टाकलं, "पित्त हाय. कामात राहिलीस की जाईल." म्हणून रविवारी चर्चवरून आलेल्या बारा पाहुण्यांच्या भाकरी तिनेच थापल्या. पुढे वाकलं की जरा बरं वाटायचं.

जेवणं उरकली आणि मामंजींच्या, म्हणजे जोसेफ गुरुजींच्या, छातीत धरलं. झालं! पुरुषमाणसाच्या छातीत धरल्यावर पित्त म्हणायची कुणाची छाती? सिल्व्हियाच्या नवऱ्याने, यशयाने, वडिलांना गाडीत घातलं, सासूबाईंनी गळा काढला, आणि थर्मास, चादर, आधार कार्डं सांभाळायला त्याने बायकोला मागे कोंबलं. राहुरीपासून नगरपर्यंत सिल्व्हिया गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"प्रार्थना करतीय बिचारी," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टर पंकजा यांनी ईसीजी काढला. ठीक होता. यशयाने आग्रह करून दुसरा काढायला लावला. तोही ठीक. तिसऱ्यासाठी तो हुज्जत घालत होता, तेवढ्यात गुरुजींनी असा ढेकर दिला, की शेजारच्या पलंगावरचा पेशंट उठून बसला.

"आता कसं मोकळं वाटतंय," गुरुजी म्हणाले.

डॉक्टर मात्र बाकावरच्या सिल्व्हियाकडे बघत होत्या. "ह्या कधीपासून अशा वाकून बसल्यात?"

"ती व्हय? तिचं पित्ताचं हाय, रोजचंच. तुमी वडलांचं बघा."

डॉक्टरांनी सिल्व्हियालाच पलंगावर घेतलं. पोटाला हात लावताच ती किंचाळली. सलाईन लागलं, रक्त तपासायला गेलं, सोनोग्राफी झाली.

"स्वादुपिंडाला सूज आलीय, पित्ताशयात खडे आहेत," डॉक्टर कडाडल्या. "सूज दाखवणारं लायपेज रक्तात दहापट वाढलंय. दोन दिवस घरी काय बघत बसलात? जिवावर बेतलं असतं! ॲडमिट करा. सध्या तोंडाने काही द्यायचं नाही."

आपलं दुखणं खरं होतं, हे ऐकून सिल्व्हियाला रडूच फुटलं.

"मग रातच्या सैपाकाचं कसं?" सासूबाई पुटपुटल्या.

नर्सने फॉर्म काढला. "पेशंटजवळ कोण थांबणार?"

मामंजींचा मोतीबिंदू, सासूबाईंचा गुडघा, नणंदेची दोन बाळंतपणं, सगळ्यांच्या उशाशी आजवर एकच माणूस बसलेलं. तिघांनीही सवयीने तिच्याकडेच पाहिलं.

"मी हाय ना," सलाईनचा हात वर करत सिल्व्हिया म्हणाली.