वर असेपर्यंत वानर

एका जंगलात, बाळांनो, वानरांची एक टोळी राहत होती. टोळी फार सुधारलेली होती. म्हणजे तसं ती टोळीच सगळ्यांना सांगत असे.

या टोळीचा एक नियम होता. वानरींनी वानरांच्या वरच्या फांदीवर बसायचं नाही. वानर वर, वानरी खाली. वानर खाली सरकला तर वानरीनं आणखी खाली सरकायचं. सरकता सरकता झाड संपलं तर जमिनीवर बसायचं. आणि सगळ्यांत वर जो वानर बसेल, तो टोळीचा हुप्प्या. हुप्प्या म्हणजे म्होरक्या. त्याचा हुकूम कुणी मोडायचा नाही, त्याच्यामागून येणाऱ्या हुप्प्यानंसुद्धा नाही.

असं का, म्हणून विचारू नका. टोळीतही कुणी विचारत नसे. एका म्हाताऱ्या वानरीनं एकदा विचारलं होतं. तिला सांगितलं, "बाई वर बसली की पाऊस जातो." ती म्हणाली, "पाऊस तर तसाही गेलाय." तेव्हा तिला आणखी खालची फांदी मिळाली.

तर या टोळीचे हुप्प्या होते पुच्छाजीराव. त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी कमळजा. बाप लवकर गेला. आई सोनकाबाईनं एकटीनं वाढवली. या पोरीला लहानपणापासून वाऱ्याचं वेड. पान हललं की ही शेपटी वर करून वारा कुठून येतो ते बघत बसायची. आत्या-मावश्या म्हणायच्या, "सोनके, पोरीच्या कानात वारं शिरलंय." सोनकाबाई म्हणायची, "शिरू दे. माझ्या कानात काही शिरलंच नाही कधी, म्हणून इथं बसलेय."

नदीपलीकडे घारींचं विद्यालय होतं. वाऱ्यातलं सगळं घारींना कळतं. पंख न हलवता दिवसभर वर राहतात, ते काय उगीच? कमळजा तिथं शिकायला गेली. वारा कसा धरायचा, त्याच्याकडून वीज कशी करून घ्यायची, तो माजला तर त्याला वाट कशी द्यायची, सगळं शिकली. पवनचक्कीची इंजिनिअर होऊन परत आली.

टोळीनं तिचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. नारळ खरं तर मागच्या सत्काराचाच होता, पण ते जाऊ द्या. पुच्छाजीराव भाषणात म्हणाले, "आमची लेक फार उंच गेली!" सगळ्यांनी शेपट्या आपटल्या. कमळजाचे डोळे भरून आले. सोनकाबाई तर हुंदके देऊन रडली.

आता योग बघा. जंगलाच्या मधल्या टेकडीवर वाघोबांनी नुकतीच एक पवनचक्की उभारली होती. वाघोबांना गुहेत पंखा हवा होता. बाकीच्यांना दिवे. चक्की सांभाळायचं काम वानरांकडे आलं, कारण चढण्यात वानरांचा हात कोण धरणार? इंजिनिअरची जागा रिकामी होती. कमळजा दुसऱ्याच दिवशी थोरल्या काकांपुढे उभी राहिली.

"काका, मी उद्यापासून येते कामावर."

पुच्छाजीराव गोड हसले. "अगं, पण इंजिनिअरला चक्कीवर चढावं लागतं."

"हो. तेच तर काम."

"चक्की टोळीच्या झाडापेक्षा उंच आहे, कमळे."

"म्हणून तर वारा लागतो."

"तू वर बसलीस, म्हणजे आम्ही सगळे तुझ्या खाली. आज चक्कीवर बसशील, उद्या डोक्यावर मिरे वाटशील. मी सुधारक आहे गं. पण सुधारणा खालच्या फांदीवरून होत नाही का?"

जागा पुच्छाजीरावांच्या मुलाला मिळाली. त्याचं नाव दिगंबर. दिगंबर स्वभावानं वाईट नव्हता. त्याला फक्त चक्कीतलं काही कळत नव्हतं आणि उंचावर चक्कर येत होती. आता वानराला चक्कर, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण आपलेच दात, आपलेच ओठ.

मग काम असं चालायचं. दिगंबर वर, खांबाच्या आड. कमळजा खाली, मान मोडेपर्यंत वर बघत. ती ओरडायची, "डाव्या हाताचा दांडा ओढ!" तो ओढायचा. ती ओरडायची, "ब्रेकला वंगण घातलंस का?" तो ओरडायचा, "घातलं!" चक्की फिरायची. वाघोबा दिगंबरच्या पाठीवर थाप मारायचे. कमळजाचा घसा बसायचा आणि सोनकाबाई तिला अडुळशाची पानं चघळायला द्यायची.

"किती दिवस अशी खालून ओरडशील?" आईनं एकदा विचारलं.

"वर चढू देईपर्यंत."

"आणि नाहीच दिलं तर?"

कमळजा पानं चघळत राहिली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि घसा तर बसलेलाच होता.

तेवढ्यात स्थळ सांगून आलं. शेजारच्या खोऱ्यातली मंडळी, तालेवार, स्वतःचं वडाचं झाड असलेली. त्यांनी निरोप धाडला, "मुलगी शिकलेली चालेल. चढलेली नको." पुच्छाजीरावांना शब्द फार आवडले. त्यांनी परस्पर होकार कळवला. आता पाहुणे यायचे, मुलगी बघायची आणि लगेच सुपारी फोडायची. म्हणजे कमळजाची चक्की सुटली ती कायमचीच. वडाच्या खोऱ्यात वारा नावालाही नव्हता.

पाहुणे आले. चिंचेचा कोवळा पाला पुढं केला. कमळजा मान खाली घालून सगळ्यांत खालच्या फांदीवर बसली. नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं, "मुलीला काय काय येतं?" पुच्छाजीराव म्हणाले, "सगळं येतं. पण करत काही नाही." पाहुणे प्रसन्न झाले.

आणि वारा सुटला.

साधा वारा नव्हे, बाळांनो. उन्हाळी वावटळ. चक्कीची पाती गरगरा फिरू लागली. मग ती कर्कश ओरडू लागली. मग जळका वास आला. टेकडीभर वाळलं गवत. वरून ठिणगी पडली असती तर पेटायला काहीच वेळ लागला नसता, आणि पायथ्याला टोळीचं झाड, त्यावर पोरंबाळं. दूर गुहेतून वाघोबांची डरकाळी आली. बहुधा पंखा जोरात फिरला असावा.

"ब्रेक लाव, दिगंबर!" कमळजा ओरडली. मान खाली घालायची ती विसरली.

दिगंबर शिडीवर चढला. अर्ध्यावर गेला आणि शिडीला मिठी मारून बसला. डोळे गच्च मिटलेले.

"वंगण घातलं होतंस ना?" कमळजानं विचारलं.

"कमळे, मी आजवर याच्या वर गेलेलोच नाहीये!" तो रडत म्हणाला. "इथंच बसून पेरू खायचो! खालचे दांडे तेवढे ओढायचो!"

म्हणजे ब्रेक कोरडा ठणठणीत. कमळजा शिडीकडे धावली, तोच पुच्छाजीराव आडवे आले.

"नियम!"

"काका, गवत पेटेल."

"पेटेल तर पेटेल. पण पाहुण्यांसमोर?"

मंडळींनी तिथंच बैठक भरवली. हो, चक्की जळत असताना. मोठ्या टोळ्यांमध्ये असंच करतात. कुणी म्हणालं नियम आहे, कुणी म्हणालं आग आहे. शेवटी टोळीचे शास्त्रीबुवा उठले. फार विद्वान वानर. त्यांनी घसा खाकरला.

"वानरीनं वर जाऊ नये, हे खरं. पण वानरानं जावं. तेव्हा कमळजा वर असेपर्यंत तिला वानर समजावं. खाली उतरली की पुन्हा वानरी. नियमही राहिला, चक्कीही राहिली."

"वा!" सगळे म्हणाले. पुच्छाजीरावांनी हुप्प्या या नात्यानं हुकूमच काढला, "कमळजा वर असेपर्यंत वानर!" शास्त्रीबुवांना दोन चिंचा जास्त मिळाल्या.

कमळजा हे ऐकायला थांबली कुठं होती? तिनं वंगणाचा डबा शेपटीत अडकवला होता, दिगंबरच्या खांद्यावर पाय देऊन ती केव्हाच वर पोचली होती. वारा तिला ढकलत होता. ब्रेकचा दांडा हलेना. तिला खूप भीती वाटली. मग घारबाईंनी शिकवलेलं आठवलं, माजलेल्या वाऱ्याशी भांडू नये, त्याला आधी वाट द्यावी. तिनं चक्र फिरवून एकेका पात्याची धार वाऱ्याकडे केली. वारा पात्यांवरून निसटून जाऊ लागला. पाती मंदावली. तिनं दांड्याला वंगण चोपडलं, सगळं अंग टाकून तो ओढला. चक्की थांबली.

खाली एकच जल्लोष झाला. सोनकाबाई गर्दीतून ओरडली, "माझी पोर आहे ती! माझी!"

वर कमळजा धापा टाकत बसली. नदी दिसत होती, नदीपलीकडचं विद्यालय दिसत होतं. तिला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं हसली. आपण याच्यासाठीच शिकलो, आणि उतरलो की हे संपलं, हेही तिला कळलं.

"शाब्बास!" पुच्छाजीराव खालून म्हणाले. "आता उतर. पाहुणे खोळंबलेत."

"उतरते, काका. तुमचा हुकूम इथवर ऐकू आला, पण एक शंका आहे. मी आत्ता कोण?"

"वानर. मीच तर हुकूम काढलाय."

"आणि सगळ्यांत वर जो वानर बसतो, तो कोण असतो?"

दिगंबर वर असायचा तेव्हा हा हिशेब कुणाला सुचलाच नव्हता. शास्त्रीबुवांच्या हातातली चिंच खाली पडली.

"चक्की म्हणजे काय झाड आहे?" पुच्छाजीराव गरजले. "तिथली उंची धरायची नाही!"

"पण रावसाहेब," शास्त्रीबुवा चाचरत म्हणाले. विद्वान माणसाला, आपलं, वानराला, हिशेब जुळला की राहवत नाही. "चक्कीची उंची धरायची नाही, तर मुलीला तिथली नोकरी आपण कुठल्या नियमानं नाकारली होती?"

पुच्छाजीरावांनी घाईघाईनं पाहुण्यांपुढं आणखी पाला सरकवला.

पाहुणे उठले. नवरदेवाचे वडील फार दुखावले होते. "आम्ही मुलगी बघायला आलो होतो," ते म्हणाले. "हा तर तुमचा हुप्प्या निघाला. आमच्या मुलाचं लग्न काय हुप्प्याशी लावता?" आणि उरलेला पाला घेऊन मंडळी निघून गेली.

"हुप्प्याचा हुकूम ऐका," कमळजा वरून म्हणाली. आज ओरडावं लागत नव्हतं. वरून बोललेलं खाली आपोआप ऐकू येतं. "चक्कीची नोकरी कमळजा वानरीला दिली आहे. आणि आधी कुणीतरी त्या दिगंबरला उतरवा."

मग ती खाली आली, काकांच्या पाया पडली आणि खालच्या फांदीवर जाऊन बसली. नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा कामावर चढली.

आता त्या टोळीत उजाडल्यापासून मावळेपर्यंत हुप्प्या कमळजा असते. रात्री पुच्छाजीराव असतात, पण तेव्हा सगळे झोपलेले असतात. बऱ्याच वानरींनी घारींच्या विद्यालयात नाव घातलंय. पुच्छाजीराव गावोगाव भाषणं देतात. "तिला वर चढवलं कुणी? मी!" असं ते म्हणतात, आणि बाळांनो, त्यात तसं खोटं काहीच नाही.

तात्पर्य : मुलींना शिकवल्यानं काही बिघडत नाही. त्यांना खुशाल शिकवावं, शाल-नारळ द्यावा, भाषण करावं. घोटाळा होतो तो गरजेच्या वेळी त्यांना वर चढू दिल्यानं. म्हणून ज्यांना आपल्या लेकीसुना खालच्याच फांदीवर हव्या असतील, त्यांनी चक्की जळू द्यावी. पुष्कळ घरांत तसंच करतात, आणि अंधारात कुणाला काही दिसतही नाही.