मल्लूअण्णांचा ड्रम आणि आमच्या बादल्या

आमच्या कॉलनीतले मल्लूअण्णा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या बादलीत बघतात. सकाळी ओला कचरा घेऊन त्यांच्या दारात गेलं, की ते काठीनं ढवळतात आणि निकाल देतात. "भात हाय, चांगलं हाय. लिंबाची सालं तेवढी काढा वैनी. त्याचं पोट बिघडतं."

'तो' म्हणजे ड्रम. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर अण्णांनी परसात बायोगॅसचा प्लांट बसवला. टाकीत पाण्यात कुजणारं अन्न आणि त्यावर पालथा घातलेला मोठा काळा ड्रम. गॅस धरला की ड्रम वर येतो, शेगडी पेटवली की खाली बसतो. अण्णा मूळचे वळसंगचे, घरची बोली कानडी. ड्रम फार वर आला की त्याला थोपटत "साकु, साकु" म्हणतात, म्हणजे बास, बास. बायको गेल्यापासून घरात एकटेच. मग एवढ्या गॅसचं करायचं काय? चहा. बादली रिकामी करणाऱ्या प्रत्येकाला तो घ्यावाच लागतो.

मी कॉलनीची सेक्रेटरी. पाण्याच्या पाळ्या, गच्चीची किल्ली, वॉचमनची सुट्टी, सगळं माझ्याकडे. सकाळची कामं मी लिहून क्रमानं करते. त्यात अण्णांच्या बादलीला दिलेला वेळ कधीच पुरला नाही.

अण्णांचं एका पदार्थाशी वैर आहे, कडक भाकरीशी. "म्हैनाभर ठेवा, काय होत न्हाय तिला. जी शिळीच होत न्हाय ती गॅस काय देनार?" सगळं सोलापूर जिच्यावर खूश, ती अण्णांच्या लेखी बिनकामाची. लग्नात मात्र ते जेवणाच्या पंगतीपेक्षा खरकट्याच्या पिंपाजवळ जास्त रमतात. एकदा वधूपित्यानं नम्रपणे विचारलं, "अण्णा, काही कमी पडलं का?" अण्णा पिंपात बघत समाधानानं म्हणाले, "न्हाय की. लई उरलंय."

समोरचे बिराजदार मास्तर त्यांना मुद्दाम डिवचतात. "अण्णा, एवढ्या खटपटीपेक्षा सिलिंडर परवडला की."

"परवडतो, व्हय. कारन डेपोवर कचरा नेऊन टाकायचा खर्च तुमी धरत न्हाय. तितं तो कुजतो, त्याचा हाच गॅस वर जातो आन गोधडीवानी पसरतो. आधीच तापलेल्या सोलापूरला गोधडी कशाला मास्तर?"

"मग जाळल्यावर तुमचा धूर वर जात नाही होय?"

"जातो. पन तो झाडानं हवेतनंच घेतलेला असतो, तिकडंच परत गेला. गॅस न जळता गळला तर मात्र सगळं मुसळ केरात." म्हणून अण्णा रोज पाइपाच्या जोडांना दाढीच्या ब्रशनं साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघतात. दाढीसाठी ब्रश वेगळा आहे का, हे विचारायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

त्यांचं खरं स्वप्न मोठं होतं. मार्केट यार्डातला सडका कांदा, साखर कारखान्यांची मळी, गोठ्यांतलं शेण आणि घराघरातलं ओलं एकत्र केलं, तर शहरातल्या बस त्या गॅसवर चालतील, असं ते भेटेल त्याला सांगायचे. "माल हाय, वैनी. गोळा करनारा न्हाय." त्यासाठी त्यांनी महापालिकेच्या किती चकरा मारल्या, कोण जाणे.

या बादल्यांचा दुसरा उपयोग मला उशिरा कळला. मागच्या उन्हाळ्यात अण्णांनी माझी बादली ढवळली आणि काठी थांबवली. "वैनी, रोज चपाती-भाजी तशीच येतीय. घरात कोन जेवत न्हाय?" सासूबाई ताट झाकून ठेवत होत्या आणि मी कामाला गेल्यावर गुपचूप टाकून देत होत्या. सगळ्या कामांची यादी करणाऱ्या मला पत्ता नव्हता. त्या संध्याकाळी अण्णा आले, सासूबाईंशी कानडीत गप्पा मारत बसले, आणि समोर बसवून त्यांना आमटी-भात खायला लावला. मोसंबीची सालं दिसली की आजारी कोण, आणि पुरणाचा चोथा दिसला की लेक माहेरी आली, हे त्यांना आमच्याआधी कळायचं.

यंदा शहराबाहेर मोठा प्लांट सुरू झाला. ओला कचरा न्यायला गाडी येऊ लागली. अण्णांनी घरोघर जाऊन बजावलं, सगळं गाडीलाच द्या. मी म्हटलं, "आणि तुमचा ड्रम?"

"त्याचं काय घिऊन बसलाय. मोठा प्लांट खर्चिक जनावर. रोज पोटभर मिळालं तरच परवडतंय, न्हायतर लोक म्हनतील, बघा, हे चालत न्हाय."

तरी मी एकदा बादली घेऊन गेले. त्यांनी दारातूनच परत पाठवली. ड्रम तळाला टेकला होता.

परवा सकाळी अण्णा आमच्याकडे आले. कामाशिवाय कधी न येणारा माणूस. खुर्चीच्या कडेवर बसले.

"गाडी चांगली चालू हाय," ते म्हणाले. "पन थांबत न्हाय. मानूस बादली टाकतो आन आत जातो." मग जरा घुटमळून विचारलं, "काल काय केलतं जेवायला?"

मी सांगितलं. मेथी केली होती, सासूबाईंनी दोनदा मागून घेतली, मुलानं ताटात टाकली. ते एकेका गोष्टीवर मान हलवत होते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत त्यांनी आम्हा सगळ्यांच्या बादल्या पाहिल्या. त्यांची बादली कुणीच कधी पाहिली नव्हती.

"अण्णा, तुम्ही काय केलं होतं काल?"



"भात केलता," ते म्हणाले. मग उठता उठता म्हणाले, "उरला."