नाक्यावर थांबलेलं गाणं

सुयश सकाळी कामावर निघताना एक गाणं डाउनलोडला लावून गेला होता. संध्याकाळी परत आला तेव्हा पडद्यावरची पट्टी जशीच्या तशी कोरी होती. तिच्यात हळूहळू हिरवा रंग भरत जायला हवा होता, तो नावालाही भरला नव्हता.

"आलं का रे?" सुमतीबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. आवाज मुद्दाम बारीक होता, कारण बाहेरच्या खोलीत सुयशचे वडील, अण्णा, पेपर वाचत होते.

"नाही आई. उद्या येईल."

"असू दे. मला काही घाई नाही," असं म्हणून त्या आत गेल्या आणि त्यांनी तव्यावरची पोळी करपवली.

घाई होती. चाळीस वर्षांची होती. लग्नाआधी, वज्रेश्वरीला माहेरी असताना, सुमतीबाई एकदा रेडिओवर गायल्या होत्या. तरुणांचा कार्यक्रम होता, थेट प्रसारण होतं आणि 'दुपार आली दारी' नावाचं एक भावगीत होतं. पहिलं कडवं मनासारखं झालं. दुसऱ्या कडव्यात वरच्या सुरावर आवाज फाटला. म्हणजे, त्यांना तसं वाटलं. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कुठे नीट ऐकू येतो? घरी परतल्यावर सगळे 'छान झालं हो' म्हणाले, पण सगळे तसं म्हणतातच. खोदून विचारायची त्यांची छाती झाली नाही. तेव्हापासून त्या गायच्या थांबल्या त्या थांबल्याच. गणपतीच्या आरतीलासुद्धा त्या फक्त टाळ्या वाजवायच्या आणि ओठ हलवायच्या.

आणि आता सुयशच्या एका प्रोग्रॅममध्ये हे गाणं सापडलं होतं. जगभरचे लोक त्यात आपापल्या कॉम्प्युटरमधली गाणी एकमेकांसाठी उघडी ठेवत. इंदूरच्या तुळशीराम नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तरुणपणी रेडिओवरून स्पूलच्या टेपवर भरून घेतलेली जुनी गाणी त्यात घातली होती, आणि त्यात एका गाण्यापुढे लिहिलं होतं : 'कुमारी सुमती, वज्रेश्वरी'. ते सुमतीबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दोनदा वाचलं होतं.

"आधी मी एकटी ऐकेन," त्या मग म्हणाल्या होत्या. "फाटला की नाही, एवढंच मला कळू दे. अण्णांना सांगू नकोस."

सुयशने सांगितलं नाही. सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला.

अण्णा जकात नाक्यावरून निवृत्त झाले होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी भिवंडीत शिरणाऱ्या ट्रकांपुढे हात आडवा धरण्यात घालवली होती. हात खाली आल्यापासून त्याचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. मग घरात कॉम्प्युटर आला, पाठोपाठ व्हायरस आला आणि सुयशच्या फाइली खाऊन गेला. तेव्हा सुयशने फायरवॉल बसवली आणि सहज म्हणाला, "अण्णा, दिवसभर तुम्ही घरी असता. बाहेरून कुणी आत यायला बघितलं तर ही टिंग करून विचारेल. अनोळखी असेल तर नाही म्हणा."

सुयशच्या लेखी हे एक वाक्य होतं. अण्णांच्या लेखी तो नेमणुकीचा हुकूम होता. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की ते इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर आरामखुर्ची टाकू लागले.

भिवंडीत दुपारी झोप येण्यासाठी काही करावं लागत नाही. घरामागच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, एका लयीत खडखडत असतात, ती लय भिंतीतून जमिनीत आणि जमिनीतून खुर्चीच्या पायांत येते. उन्हाचा एक चौकोन फरशीवरून सरकत असतो, त्यात सुताची बारीक धूळ तरंगत असते, आणि माणूस जागा आहे की झोपलाय हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. अण्णा याच प्रदेशात ड्युटी करत. टिंग वाजलं की स्वप्नातल्या नाक्यावर एक ट्रक येऊन उभा राही. ते अर्धे डोळे उघडत, पडद्यावरचा प्रश्न पाहत आणि माउस दाबत.

त्यांचा नियम सरळ होता. जकात आत येणाऱ्या मालाला असते, बाहेर जाणाऱ्याला नसते. म्हणून बाहेर जाणारं काहीही असो, त्याला 'हो'. बाहेरून आत येणाऱ्याला, कागदपत्र नसेल तर, 'नाही'. फायरवॉल येणाऱ्याचं गावही दाखवी, आणि इंदूरच्या त्या पत्त्याजवळ एकदाही कागदपत्र नव्हतं. तो रोज दुपारी येत होता, पुन्हा पुन्हा येत होता, त्यामुळे अण्णांचा संशय पक्का होत चालला होता.

त्यात तुळशीरामांचा कॉम्प्युटरही दुपारचाच चालू असे. संध्याकाळी ते बंद करून फिरायला जात. म्हणजे सुयश घरी यायचा तेव्हा दारात कुणी नसायचं, टिंग वाजायचं नाही, आणि बाकी इंटरनेट मात्र व्यवस्थित चालायचं. त्याने वायर बदलली. मॉडेम बदलला. टेलिफोनच्या लाइनमनला बोलावलं, तो चहा पिऊन "इधर सब बराबर है" म्हणाला आणि गेला. शेवटी त्याने जवळच्या कोन गावाहून मनोजला आणलं. मनोजचं कोनच्या नाक्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि कुठल्याही आजारावर त्याच्याकडे एकच औषध होतं.

"फॉर्मॅट मारायला लागंल, दादा," मनोज डबा न उघडताच म्हणाला.

"अरे, पण नक्की बिघडलंय काय?"

"ते आता शोधाया कोण बसतंय? सगलाच नवीन टाकू ना. टेन्शनच न्हाय."

त्याने सगळं पुसलं, सगळं नवीन टाकलं. फायरवॉलही नवीन टाकली. "ही एकदम कडक हाय, अण्णा," तो जाता जाता म्हणाला. "मुंगीला पन विचारंल, कुठं चाललीस." अण्णांनी त्याला दारापर्यंत सोडलं, आणि असा मुलगा आमच्या नाक्यावर हवा होता, असं सुमतीबाईंना दोनदा सांगितलं.

शुक्रवारी रात्री जेवताना सुयशने प्रोग्रॅममध्ये आलेला निरोप वाचला आणि त्याचा घास हातातच राहिला. अण्णा हात धुवायला उठल्यावर तो आईच्या कानाशी वाकला.

"आई, तुळशीराम उद्या संध्याकाळच्या गाडीने मुलीकडे चाललेत. कायमचे. कॉम्प्युटर पुतण्याला देणार, आणि पुतण्या म्हणे सगळं पुसून त्यात गेम टाकणार आहे."

"अगं बाई!"

"आणि ते म्हणतात, आपलं दार आतून बंद आहे. त्यांचंही बंद आहे, ते त्यांना उघडता येत नाही, पासवर्ड पुतण्याकडे. दोघांपैकी एकाने तरी उघडायला हवं, नाहीतर गाणं येणार नाही."

"कुठलं दार?"

"तेच कळत नाहीये. उद्या सुट्टी आहे, दुपारी स्वतःच बसतो."

शनिवारी दुपारी सुयश बसायच्या तयारीत होता, तेवढ्यात खालून गॅसवाल्याने हाक मारली म्हणून तो जिना उतरला. सुमतीबाईंना रात्रभर झोप नव्हती, त्यामुळे त्या बाहेरच्याच खोलीत भिंतीला टेकून पेंगत होत्या. अण्णा ड्युटीवर होते.

टिंग झालं. सुमतीबाईंची मान दचकून हलली. अण्णांनी 'नाही' म्हटलं. पुन्हा टिंग झालं. आता सुमतीबाईंच्या कपाळावर आठी आली. अण्णांनी बायकोकडे पाहिलं. ती अलीकडे नीट झोपत नाही, पोळ्या करपवते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ते बोलून दाखवणारे नव्हते इतकंच. त्यांना फार माया दाटून आली. नव्या फायरवॉलमध्ये 'नाही'च्या खाली एक छोटा चौकोन होता आणि त्यापुढे इंग्रजीत लिहिलं होतं, हेच उत्तर कायम लक्षात ठेवू का? अण्णांनी त्या चौकोनात खूण केली, 'नाही' दाबलं, आणि घर शांत झालं.

सुयश सिलिंडर घेऊन वर आला. "अण्णा, काही वाजलं का?"

"श्श! झोपलीये ती," अण्णा कुजबुजले. "आता नाही वाजणार. त्याचा कायमचा बंदोबस्त केला."

"कुणाचा?"

"तो इंदूरचा. रोज यायचा मेला. आठवडाभर परत पाठवतोय, पण चिवट. आज पक्कं सांगून टाकलं, पुन्हा या नाक्यावर दिसायचं नाही."

सुयश सिलिंडरवरच बसला. "अण्णा... ते दार तुम्ही होता?"

"मी म्हणजे? ड्युटी कोणी दिली? अनोळखी असेल तर नाही म्हणा, हे कोण म्हणालं?"

"पण तो माल आपणच मागवला होता!"

"मग तसं आधी सांगायला नको? काय माल, कुणाच्या नावावर, काही पत्ता?" अण्णांचा आवाज चढला. "कुणाच्या नावावर आहे ते आत्ता सांग, मग बघतो."

"माझ्या," सुमतीबाई म्हणाल्या. त्या केव्हाच्या जाग्या झाल्या होत्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. रेडिओ, दुसरं कडवं, वरचा सूर, सगळं. अण्णा ऐकत राहिले. ऐकताना त्यांचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला आणि त्यांनी ते काढलं.

"मला का नाही सांगितलंस?" ते शेवटी म्हणाले.

"तुम्ही ऐकलं असतंत आणि तुम्हीही 'छान' म्हणाला असतात."

अण्णा पडद्याकडे वळले. "काढ रे तो हुकूम," ते सुयशला म्हणाले. सुयशने फायरवॉलच्या पोटात शिरून कायमचं 'नाही' शोधून काढलं आणि पुसलं. आता फक्त तुळशीरामांनी पुन्हा यायला हवं होतं. तिघंही पडद्याकडे पाहत बसले, आणि वीज गेली.

लोडशेडिंग रोजचंच होतं, पण आज ते अंगावर आलं. मागचे लूम एकेक करत थांबले. त्यांची इतकी सवय असते की ते थांबले की कानात पोकळी होते. दूरवर कुणीतरी "अरे, लाइट गया क्या?" असं ओरडलं आणि तेही त्या पोकळीत बुडालं. उन्हाचा चौकोन भिंतीवर चढला. इंदूरला एक अनोळखी म्हातारा पेटीला कुलूप लावत असेल, असं सुमतीबाईंना डोळ्यांसमोर दिसत होतं. त्यांना वाटलं, त्याला हाक मारावी.

ऊन पिवळं झालं तेव्हा पंखा हलला. लूम सुरू झाले, खोली पुन्हा त्या लयीत तरंगू लागली. कॉम्प्युटर उठायला त्याचा वेळ घेत होता. तो उठला, प्रोग्रॅम उघडला, आणि काहीच झालं नाही.

"गेले ते," सुमतीबाई म्हणाल्या. "जाऊ दे. नशिबातच..."

टिंग.

सुयशचा हात पुढे झाला, पण अण्णांनी तो बाजूला केला. ते खुर्चीत ताठ बसले, पडद्यावरचा प्रश्न शेवटपर्यंत वाचला आणि 'हो' दाबलं. पट्टीत हिरवा रंग शिरला. तो थेंबाथेंबाने पुढे सरकत होता आणि सुमतीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. पट्टी भरली. तुळशीरामांचे दोन शब्द खाली उमटले, 'रिक्षा आली', आणि त्यांचा कॉम्प्युटर कायमचा बंद झाला.

"मी आत जाऊ का?" अण्णांनी विचारलं. "एकटी ऐकणार होतीस."

"आता बसा," सुमतीबाई म्हणाल्या.

आधी खरखर आली. मग तंबोरा, आणि मग एका अठरा वर्षांच्या मुलीचा आवाज त्या खोलीत आला, कोवळा आणि स्वच्छ. लूमच्या खडखडाटातसुद्धा त्याचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता. अण्णा या बाईबरोबर इतकी वर्षं राहिले होते आणि या मुलीला ते पहिल्यांदा भेटत होते. पहिलं कडवं संपलं. पेटीने मधला तुकडा वाजवला. सुमतीबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

तेवढ्यात पेटी हळूहळू विरत गेली आणि एक भारदस्त पुरुषी आवाज म्हणाला, "वेळेअभावी आपल्याला इथेच थांबावं लागत आहे. आता ऐकू या बाजारभाव." गुळाचा भाव सुरू होताच रेकॉर्डिंग संपलं.

सुयशने पट्टी मागेपुढे सरकवून पाहिली.

"म्हणजे?" सुयश म्हणाला. "दुसरं कडवं?"

"बाहेर गेलंच नाही," सुमतीबाई सावकाश म्हणाल्या. "आम्ही आत काचेमागे गात होतो, आणि बाहेर गूळ चालला होता. फाटला काय, नाही फाटला काय, कुणी ऐकलंच नाही!" त्यांनी कपाळाला हात लावला. "माझे बाबा तेव्हा म्हणाले होते, ऐकता ऐकता संपलं सुद्धा. मला वाटलं, माझं मन राखतायत. अहो, चाळीस वर्षं मी आरतीला नुसती टाळ्या वाजवतेय!"

आधी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग त्या हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांना उचकी लागली. सुयशने पाणी आणून दिलं. अण्णा मात्र हसले नाहीत. ते पडद्याकडे पाहत होते.

"मग आता ते दुसरं कडवं कुणाकडे आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणाकडे असणार? माझ्याकडेच."

"मग म्हण की."

"इश्श! आत्ता? चहाची वेळ झाली," असं म्हणून सुमतीबाई उठल्या आणि आत गेल्या.

भांड्यांचा आवाज झाला, नळ सुटला, बंद झाला. थोडा वेळ नुसते लूम चालू होते. मग स्वयंपाकघरातून, आधी गुणगुणत आणि मग मोकळ्या आवाजात, दुसरं कडवं आलं. वरच्या सुरापाशी आवाज अगदी स्पष्ट फाटला. सुमतीबाई थांबल्या नाहीत, तशाच पुढे गेल्या. बाहेर बाप-लेकांनी एकमेकांकडे पाहिलं नाही आणि कुणीही छान म्हटलं नाही. त्या दिवशी चहा फार उकळला होता.