गोड्या पाण्याची मोटार

दादाराव मोटारीचं पाणी चाखत. रेडिएटरचं झाकण उघडायचं, आत बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "खारं झालं बापा!" की माझा रविवार गेलाच म्हणून समजा. आठवड्यापूर्वी भरलेलं गोडं पाणी बसल्या जागी खारं कसं होतं, हे विचारायची सोय नव्हती.

अकोल्याच्या टोकाला आमच्या वस्तीत तेव्हा नळ आला नव्हता आणि विहिरी सगळ्या खाऱ्या. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. दादाराव कापसाच्या जिनातले निवृत्त मॅनेजर. एकटेच राहत. मी त्यांचा नवा शेजारी, शाळामास्तर. त्यांच्या अंगणात एक जुनी मोटार होती. ती जायची फक्त पातूरच्या रस्त्यावरच्या गोड्या विहिरीपर्यंत. तिथून डबे भरून आणायचे आणि ते पाणी तिच्याच पोटात ओतायचं, म्हणजे पुढल्या रविवारी विहिरीवर जायला ती पुन्हा तयार! दादाराव स्वतः मात्र खारंच पीत, पाहुण्याचा चहासुद्धा खारा. मी एकदा कप खाली ठेवला, तर म्हणाले, "मानसाले सवय होते मास्तर. रेडिएटरले नाई होत. आतून खपली धरते."

विहिरीवरून आल्यावर रेडिएटरची खालची तोटी सोडली की तांबूस पाणी अंगणभर. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून ते भरायचं, इंजिन चालू ठेवायचं, पुन्हा तोटी सोडायची. नितळ पाणी येईस्तोवर हेच. शेवटी इंजिन निवू द्यायचं आणि मग गोडं पाणी. हे निवू देणंच दादारावांना जमत नसे. "आधी थंडं होऊ द्या" हे त्यांचं पालुपद. मी हेडमास्तरांवर चिडून आलो तरी हेच ऐकवायचे. स्वतः मात्र फाटक ते बॉनेट येरझारा. हात लाव, चटका खा, खुर्चीत बस, लगेच ऊठ. एकदा दाढी करायला आत गेले आणि एक गाल तसाच ठेवून बाहेर आले, "निवलं काय?"

दादारावांचा नागपूरचा मुलगा शेवटी कंटाळला. पाणी आणायला पेट्रोल जाळणारा बाप त्याला परवडेना. त्यानं गाडीसाठी वरूडचे एक संत्र्याचे व्यापारी गिऱ्हाईक म्हणून ठरवले. दादाराव कसेबसे "हो" म्हणाले आणि त्या आठवड्यात त्यांनी रेडिएटर रोज धुतला.

रविवारी व्यापारी आले, तेव्हा गाडी नुकतीच रिकामी केलेली.

"भरा ना जी पानी. मले निघाचं हाये."

"आधी थंडं होऊ द्या."

अखेर पाणी भरलं. तेही तान्ह्या पोराला पाजावं तसं, थोडं थोडं. किल्ली पुढे करताना दादाराव म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. हिले खारं पानी पाजू नका. लांबून आना, पन गोडंच आना."

व्यापारी हसले. "लांबून काहून? आमच्या दारातल्या विहिरीचंच पानी गोडं हाये."

दादारावांचा हात मागे आला. "दारातच गोडं हाये?"

"हो जी."

"मंग तिथं हिचं काय काम?" म्हणाले, आणि किल्ली खिशात घातली.

व्यापारी तणतणत गेले. मीही तापलो होतो. पण दादाराव उरलेला डबा उचलून आत गेले, म्हणून मागोमाग गेलो. स्वयंपाकघरात तिवईवर तांब्याचा लखलखीत हंडा, त्यांच्या बोलीत गुंड. त्यातलं जुनं पाणी त्यांनी मोगऱ्याला घातलं, गुंड नव्यानं भरला, झाकला.

"माही बायको हा गुंड डोक्यावर घेऊन त्या विहिरीवर जाये," ते म्हणाले. "मी मॅनेजर, अन् माही बायको पानी वाहे. म्हनून गाडी घेतली. पयला डबा आनला, तं तिनं आधी गाडीले पाजलं. म्हने, आनलं तिनं, पयलं तिले." गुंडाचं झाकण नीट बसवत म्हणाले, "एकच उन्हाळा पेली ते गाडीचं पानी. मंग गेली."

"मग हे तुम्ही का पीत नाही?"

"तिच्या वाट्याचं कसं पिऊ मास्तर?"

इतके दिवस या माणसाला मी हसत होतो.

पुढच्या रविवारी दादारावांच्या आधी मीच झाकण उघडलं, बोट बुडवलं, चाखलं. पाणी चांगलं गोड होतं.

"खारं झालंय," मी म्हणालो, आणि रिकामे डबे घेऊन गाडीत बसलो.