स्वर्गाची खिडकी आणि जावईबापूंचा घसा

बस सुरू झाली, स्पीकर दोनदा खरखरला आणि त्यातून जावयाचा स्वतःचाच आवाज बाहेर पडला. "नमस्कार मंडळी, आज आपण निसर्गाच्या कुशीत शिरणार आहोत." खिडकीशी बसलेल्या जावयाला निसर्गाच्या कुशीत नाही, सीटखालच्या पिशवीत शिरावंसं वाटलं.

त्याचा धंदाच आवाजाचा. लिफ्टमध्ये 'दार बंद होत आहे' म्हणतो तो हाच, आणि फोनवर 'आपण रांगेत आहात' म्हणून लोकांना ताटकळत ठेवतो तोही हाच. सहलीची ही टेप त्याने कधीतरी एका बंद खोलीत चहा पीत बोलून टाकली होती. ठिकाणं बघायची म्हणजे चपला झिजवायच्या, कोण करतो? कागदावर होतं ते वाचलं, कमी वाटलं तिथे पदरचं घातलं. ती टेप नेमकी याच बसमध्ये निघेल हे त्याला काय माहीत, तिकिटं बायकोने काढलेली.

बायकोचाही एक डाव होता. सासूबाई एकट्या राहायच्या, आणि त्यांनी कायमचं इकडेच यावं म्हणून ती कधीची मागे लागली होती. सासूबाईंचं एकच पालुपद, "तुझा नवरा फार बोलतो गं. माझं डोकं उठतं." म्हणून तिने दोघांना सहलीला धाडलं आणि नवऱ्याला दारातच बजावलं, "आईचं मन जिंकायचंय. म्हणजे तू काहीएक करू नकोस. फक्त तोंड बंद ठेव."

"आवाज ओळखीचा वाटतो नाही?" सासूबाई म्हणाल्या.

जावयाने गळ्याला हात लावला, मान हलवली आणि खोकून दाखवलं.

"घसा बसला? अरेरे." अरेरे म्हणताना सासूबाई चांगल्याच खुलल्या होत्या.

पहिलं ठिकाण 'स्वर्गाची खिडकी'. टेप म्हणाली, "समोरचं दृश्य पाहून तुमचे शब्दच संपतील." समोर एका नव्या हॉटेलची मागची बाजू होती आणि गॅलऱ्यांमधून वाळत घातलेल्या चादरी. शब्द कुणाचेच संपले नाहीत. "स्वर्गात आज धुणं काढलंय वाटतं," एक टकले काका म्हणाले.

मग 'गर्जणारा धबधबा'. तो एका पाइपातून पडायचा, पाइपाला नळ होता, नळाची चावी वॉचमनकडे होती आणि वॉचमन जेवायला गेला होता. मंडळी उन्हात भाजत उभी. शेवटी तो तोंड पुसत आला, चावी फिरवली. धबधब्याने गुळणी केल्यासारखा आवाज काढला आणि गप्प झाला.

"प्रेशर नाही आज," वॉचमन म्हणाला. "काल यायचं ना."

'हरणांच्या रानात' सगळी हरणं सिमेंटची निघाली. एकाच्या पोटातून सळई बाहेर आली होती. "हळू बोला हं," टेप कुजबुजली, "ती फार बुजरी आहेत."

इथे मात्र काकांचा तोल गेला. "हा टेपवाला एकदा भेटायला पाहिजे."

"मला द्या त्याला. पाचच मिनिटं," सासूबाई म्हणाल्या. त्या शाळेत हेडबाई होत्या. त्यांच्या पाच मिनिटांत भलीभली पोरं सुतासारखी सरळ होत. अख्ख्या बसने माना डोलावल्या, आणि सगळ्यांत जोरात जावयाने.

परत निघताना घात झाला. सासूबाई स्वच्छतागृहाच्या रांगेत अडकल्या आणि बस सुटली. आत बसलेल्या जावयाने ड्रायव्हरच्या केबिनच्या काचेवर थापा मारल्या. ड्रायव्हरला ऐकू आलं ते टेपचं एवढंच, "हा प्रवास संपूच नये असं वाटतंय ना?" मग जावई हातवारे करू लागला. डोळ्यांवर चष्मा, खांद्यावर पदर, मागे बोट.

"काय झालं याला?" कुणीतरी म्हणालं.

"टेप ऐकून ऐकून भ्रमिष्ट झाला बिचारा," काका म्हणाले.

मागच्या काचेतून सासूबाई पिशवी हलवत धावताना दिसत होत्या आणि दर क्षणाला बारीक होत होत्या. बायकोची आई सिमेंटच्या हरणांत सोडून घरी कुठल्या तोंडाने जायचं? जावयाने तोंड उघडलं.

"थांबवा गाडी!"

कमावलेला आवाज तो. बस करकचून थांबली. "मंडळी, माझ्या सासूबाई..." असं तो म्हणायला आणि स्पीकरही "मंडळी..." म्हणायला एकच गाठ पडली. दोन्ही 'मंडळी' हुबेहूब.

सगळ्यांनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग जावयाकडे. काका सावकाश उठले आणि अस्तन्या सरसावू लागले.

तेवढ्यात सासूबाई धापा टाकत वर चढल्या. "बाई, तुमचा माणूस सापडला," काका म्हणाले.

"माहितीये," सासूबाई बसत म्हणाल्या. "सकाळी नमस्कार म्हणाले तेव्हाच ओळखलं. तुमच्याकडे आले की रोज जेवताना ऐकते हा आवाज."

"मग आई, बोलला का नाहीत?"

"तुम्ही दिवसभर गप्प होतात, जावईबापू. खिडकी नाही, धबधबा नाही, एवढं एकच तर बघण्यासारखं होतं. ते कोण मोडेल?" त्यांनी पदराने घाम टिपला. "लेकीला सांगा, येते मी राहायला. जमेल आपलं."

जावयाने आभार मानायला तोंड उघडलं. सासूबाईंनी बोट वर केलं. तोंड मिटलं.

मग त्या मागे वळल्या. "हं मंडळी, आता कुणाला काय बोलायचंय ते निवांत बोला. घर अजून लांब आहे, आणि हे मध्ये बोलणार नाहीत."