दाराची जाडी

कुठल्या जंगलात ते विचारू नका, पण एका जंगलात मुंगूसराव नवं घर बांधत होते. बांधत होते म्हणजे काय, उकरतच होते.

त्यांची बायको गोदाबाई. ती जुन्या बिळात दुपारभर पिल्लांना पानानं वारा घालत बसायची. ते बीळ पश्चिमेच्या तोंडाचं. गेल्या वैशाखात तिचं धाकटं पिल्लू उन्हानं असं मलूल झालं होतं, की हाती लागलं हेच नशीब.

"अहो, घर लहान असू द्या," ती म्हणाली, "पण खिडक्या-दारं अशी बघा की झळ आत यायला नको. मला दुसरं काही नको."

मुंगूसराव वाईट नव्हते हो. लगेच तरसशेठच्या दुकानात गेले. तरसशेठ बोलता बोलता हसायचा, आणि तो हसला की गिऱ्हाईक घाबरून माल घ्यायचं. पण बाळांनो, माल खोटा नव्हता, हे लक्षात ठेवा. खिडकीला दोन काचा, मधे कोंडलेली हवा. दार चार बोटं जाड, चौकटीला चहूकडून रबराची पट्टी.

"हे लावलंत की ऊन बाहेर, गारवा आत," तरसशेठ म्हणाला. "बाहेरचा आवाजसुद्धा आत येणार नाही. विजेचं बिल बघून हसू फुटेल तुम्हाला." आणि स्वतःच हसला.

खिडक्या बसल्या, दार बसलं. गोदाबाईनं पिल्लं आत नेली आणि दार लावून घेतलं. काय तो गारवा! धाकटं तर तिथंच पोट वर करून झोपलं.

तेवढ्यात मुंगूसरावांनी दार सताड उघडलं.

"अहो, झळ येतेय!"

"अगं, लावलेलं दार कुणाचंही सारखंच दिसतं. जाडी दिसते ती उघडल्यावर. सायाळकाकू आल्यात बघायला."

शेजारच्या सायाळकाकूंनी दार हलवून पाहिलं. रबर नखानं दाबून पाहिलं. मग नाक उडवून म्हणाल्या, "आमच्या जावयाकडे तीन काचा आहेत म्हणे."

झालं! मुंगूसरावांनी खिडक्याही उघडल्या. काच कडेनं बघितल्याशिवाय तिचं दुहेरीपण कळतं का? खिडकीवर पाच ताऱ्यांचं स्टिकर होतं, ते त्यांनी काढू दिलं नाही. पिल्लांना मात्र खिडकीपासून काढलं, स्टिकर खरवडतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी ससे आले. मग रानडुक्कर सहकुटुंब आला. मग ज्यांना घर बांधायचं नव्हतं तेही आले. वैशाखाचं ऊन आत येऊन ऐसपैस बसलं. पाहुण्यांना घाम फुटला, तेव्हा मुंगूसरावांनी कूलर आणला. दोन काचांनी वीज कशी वाचते, ते सगळ्यांनी कूलरपुढे बसून ऐकलं.

कोपऱ्यात धाकटं पिल्लू जीभ काढून पडलं होतं. दूध ओढेना.

"दार लावा हो," गोदाबाई म्हणाली.

"लावतो, लावतो. या रानडुक्कर भावजींचं एवढं बघून होऊ दे."

गोदाबाईनं पिल्लाकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही सगळ्यांना आतूनच दाखवताय. दाराची बाहेरची बाजू कुणी पाहिलीच नाही."

"अरे, खरंच की!" मुंगूसराव हरखले. "चला, चला, सगळे बाहेर चला!"

सगळे बाहेर गेले. सगळ्यांत शेवटी मुंगूसराव.

गोदाबाईनं दार लावलं आणि आतून कडी घातली. खिडक्या लावल्या. कूलर बंद केला. घर हळूहळू निवलं. धाकट्यानं डोळे उघडले आणि दुधाला तोंड लावलं.

बाहेर मुंगूसराव हाका मारत होते. "अगं ए! अगं, ऐकतेस का?" रबर खरंच चांगलं होतं. आत काही आलं नाही.

"बाहेर काढलं वाटतं तुम्हाला?" सायाळकाकूंनी विचारलं.

मुंगूसरावांनी कपाळावरचा घाम निपटला. "छे हो! हे प्रात्यक्षिक आहे. एवढा ओरडतोय, पण बायकोला ऐकू जातंय का बघा! तुमच्या जावयाच्या दाराला जमेल?"

आणि भर उन्हात उभं राहून ते पुन्हा ओरडून दाखवू लागले. तेव्हापासून रोज दुपारी दाखवतात. गर्दीही चांगली होते. आत पिल्लं झोपतात.

तात्पर्य : मिरवू नये, असं मोठी माणसं सांगतील. त्यांचं ऐकू नका. खुशाल मिरवावं. फक्त नव्या घराचं दार लावताना काच पाहावी, रबर पाहावं, आणि मिरवणारा कुठल्या बाजूला राहिलाय तेही पाहावं.